ढावलोचं तिसरं कडवं

१९ जानेवारी २०२५, रविवार

वाशीम शहरात षट्कोनी पेन्सिल मिळत नाही. ही बातमी कोणी छापणार नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो. चार दुकानं हिंडलो. सगळीकडे गोल, तिकोनी, आणि एका ठिकाणी डोक्यावर रबराचं अस्वल बसवलेली. दुकानदार म्हणाला, "सर, लिवाले पाह्यजे का?" लिहायला नको बाबा, कॅसेट गुंडाळायला हवी! त्या दातेरी भोकात तिकोनी पेन्सिल नुसती गरगर फिरते. ऋतू सहा, दर्शनं सहा, आणि पेन्सिलीला बाजू तीन. कलियुग म्हणतात ते हेच.

घरी येऊन हे सगळं ज्योत्स्नाला ऐकवलं. तिने ऐकता ऐकता किराण्याच्या यादीचा बॉलपेन पुढे केला. "हे पाहा बरं बसते का." बसला. सहा बाजू. "येवढ्यासाठी पेट्रोल जाळलं तुमी?" एम. ए. संस्कृत, प्रथम श्रेणी — आणि घरचा पेन दिसला नाही.

कॅसेट लागते आहे ती पुरवणीसाठी. अकोल्याच्या डेस्कवरच्या साहेबांचा फोन होता: सेवालाल महाराजांच्या जयंतीची पुरवणी, बाराशे शब्द, 'एक ढावलो, चार अवतार'. मूळ गाणं आणि नंतर लोकांनी गायलेले तीन प्रकार, तुलना करायची. "तुमच्याकडे मूळ टेप आहे ना भाऊ? मग तुमच्याशिवाय कोण?" सात तारखेच्या आत हवं.

सात ठीक आहे. नऊला घरी लेकीचं, संस्कृतीचं, साक्षगंध — साखरपुडा. त्याच्या आधी हात मोकळे झालेले बरे.

२० जानेवारी

टेप वाजली! गणेशने — बसस्टँडजवळचा रेडिओ-दुरुस्तीवाला — डेकचा पट्टा बदलून दिला, वर मोबाइलमध्ये उतरवूनही दिली. "सर, हे मशीन आता तुमी अन् म्या, दोघंच वयखतो." टेपच्या खोक्यावर माझंच अक्षर, निळ्या शाईत: मार्च १९९८, मानोरा तालुका, तांडा, लग्न.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, मानोऱ्याचा नवा वार्ताहर. तांड्यावर गेलो होतो हातपंपाच्या बातमीसाठी. हातपंप बंद, नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, शेजारी लग्न. नवरी निघायच्या वेळी ढावलो म्हणते — आईच्या, बापाच्या, भावाच्या गळ्यात पडून, रडत, सुरात. याडी म्हणजे आई, भिया म्हणजे भाऊ, हे दोन शब्द मला कळत होते. बाकी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, शून्य. टेपरेकॉर्डर सरपंचाच्या मुलाखतीसाठी नेला होता, तो नवरीपुढे धरला. नवरीचं नाव रुपाबाई.

त्यावर मी लेख लिहिला होता. कात्रण अजून आहे, प्लास्टिकमध्ये. करुण रसाचा साक्षात आविष्कार, वगैरे. जिल्ह्याच्या पत्रकार संघाचं बक्षीस मिळालं होतं — भिंतीवरचं घड्याळ. ते सहा महिन्यांत बंद पडलं. लेख चालू आहे.

२२ जानेवारी, बुधवार

दिवसभर चारही प्रकार ऐकले. ज्योत्स्ना म्हणते, "घरात लग्न होऊन राह्यलं का मयत?"

टिपणं:

मूळ — पाच मिनिटं दहा सेकंद. मागे बकरी, एक लेकरू, कोणीतरी "पानी दे वो" म्हणतंय. ताल नाही; हुंदका येईल तिथे सम. तिसरं कडवं दोनदा आहे. दुसऱ्या वेळी आवाज जवळ येतो, जवळजवळ माइकात शिरतो.

अमरदीपचा — २००९ ची सीडी. अमरदीप त्याच तांड्यातला, मानोऱ्याच्या बँडमध्ये गायचा. टेपची नक्कल त्याला मीच दिली होती. सनई, हार्मोनियम, बकरी गायब. पुरुषाच्या आवाजात नवरीचं रडणं; पण वाईट नाही, गड्याचा गळा खरा आहे. तिसरं कडवं नाही.

टीव्हीच्या स्पर्धेतली मुलगी — २०१८. अश्रू बरोबर समेवर. परीक्षक उभे राहून रडले. तिसरं कडवं नाही.

डीजेचा — २०२३ चा. हा सगळ्यात चमत्कारिक. वरातीत वाजतो. म्हणजे नवरी "मला नेऊ नका" म्हणून रडते आहे, आणि नेणारे त्यावर नाचताहेत! तिसऱ्या कडव्याचा प्रश्नच नाही, तिथे भोंगा आहे.

या तिसऱ्या कडव्याबद्दल माझ्या जुन्या लेखात काय आहे ते पाहिलं. "येथे पुनरुक्ती हा दोष नसून अलंकार आहे. अर्थापेक्षा स्वरच बोलतो." वाक्य छान आहे. अर्थ काय, ते मात्र तेव्हा मी कोणालाही विचारलं नव्हतं. सत्तावीस वर्षं!

संस्कृती परवाच अमरावतीहून आली. एम. एस्सी.चं पहिलं वर्ष, वनस्पतिशास्त्र. बॅग माळ्यावर टाकली. सकाळी टेबलावर श्लोक ठेवलेला. आमच्या घरचा जुना कायदा: गद्यात मागायचं असेल तर आईकडे जा, पद्यात मागायचं असेल तर माझ्याकडे या. ती दहा वर्षांची असताना अनुष्टुभात सायकल मागितली होती, बारावीनंतर अमरावतीचं वसतिगृहही. कधी नाही म्हटलं नाही मी. आजच्या श्लोकात मागणी काही दिसली नाही — खिडकीतून अमरावतीची एसटी जाताना दिसते, बॅग माळ्यावर धूळ खाते, असं नुसतं वर्णन. पहिल्या चरणात एक अक्षर जास्त. लाल शाईने खूण केली. दहापैकी सात.

२३ जानेवारी

साक्षगंधाची यादी. हरीओमकडून, म्हणजे मुलाकडून, साठ माणसं येणार. मुलगा बरा आहे, शांत आहे, वडिलांचं रिसोडला ट्रॅक्टरचं शोरूम. लग्न मेमध्ये. तिच्या दुसऱ्या वर्षाचं काय, असं मी विचारलं होतं, त्याचे वडील हसून म्हणाले, "आमच्या घरी झाडं लय हायेत सर, करू द्या काय अभ्यास कराचा ते!" मीही हसलो. संस्कृतीला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही म्हणाल तसं, बाबा." मला बरं वाटलं होतं. नाव राखलं पोरीने.

२५ जानेवारी, शनिवार

अमरदीपला फोन. आता त्याचं मानोऱ्यात मंडप-डेकोरेशन आहे, गाणं सोडलं.

"अमरदीप, तिसरं कडवं काहून गाळलं रे?"

त्याने आधी मागच्या माणसांना खांब उतरवायला सांगितलं. मग म्हणाला, "सर, ते कडवं नोतं."

"मग काय होतं?"

"बाकीचं समदं ढावलोत असतेच. याडीनं दूध पाजलं, भियानं खांद्यावर नेलं. ते समद्या पोरी म्हनतेत. तिसरं तिचं सोताचं होतं. ते गाताच येत नोतं मले. दोनदा ट्राय केलं स्टुडिओत."

"अर्थ सांग ना."

"सोडा ना सर. आता कायले? तवा इचारलं असतं त सांगतलं असतं."

"लेखासाठी हवं आहे."

"लेखासाठी," तो म्हणाला. तेवढंच, माझेच शब्द. मग म्हणाला, "तांड्यावर जा. मोतीबाई हाय अजून, तिची याडी."

फोन ठेवल्यावर उगाचच टेबल आवरत बसलो.

२८ जानेवारी, मंगळवार

तांड्यावर जाऊन आलो. अर्ध्या घरांना कुलपं. मार्चपर्यंत ऊसतोड, मग परततील. हातपंपाच्या जागी टाकी आली आहे. माझ्या त्या बातमीमुळे नव्हे.

मोतीबाई दारात बसून कपड्याला आरशाच्या काचा लावत होती. सत्तरीला आली असेल. सेवालाल, नायकाचा मुलगा, सोबत आला, ओळख करून दिली: "काकी, हे ते टेपवाले सर."

"वयखलं म्या," ती म्हणाली. "तवा केस होते."

मोबाइलवर लावलं. पहिल्या कडव्याला ती मान हलवत होती. बकरी ओरडली तेव्हा हसली — "चितकबरी होती ते, लय वाभरी, एका जागी थांबे नाई." तिसरं सुरू झालं आणि तिने सुई कापडात टोचून ठेवली. दुसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा मोबाइलवर हात ठेवला. पालथा, पूर्ण. जसं झाकण ठेवतात.

मी अर्थ विचारला. सेवालाल जमिनीकडे पाहत होता. ती सरळ मराठीत बोलली.

"थे म्हनते, बापू, म्या तुले तीनदा सांगतलं, तू हसला. मले धाडू नोको. मले गोठ्यात ठेव, गायीसंगं बांध, जे देशीन ते खाईन. गाडी परत धाड."

मी लिहून घेत होतो.

"मग कोणी काही बोललं नाही?"

"ढावलोत पोरगी काई बी म्हनू शकते, सर. कोनी तिले टोकत नाई. बापाले शिव्या देल्या तरी चालते. पन ढावलोतल्या बोलन्याले उत्तर नसते. थे रडनं असते ना. आयकाचं, रडाचं, अन् गाडीत बसवाचं." मग सुई परत हातात घेतली. "म्या बी आयकलं. समद्यायनं आयकलं. बाया म्हने, काय गोड गाते वो तुही पोरगी. मले बी वाटलं, हो, गोड गाते."

निघताना सेवालालने रुपाबाईचा नंबर दिला. ती साताऱ्याकडे तोडीवर आहे.

गाडीवर येताना एक वाक्य सारखं डोक्यात: पुनरुक्ती हा दोष नसून अलंकार आहे.

३० जानेवारी

फोन लावला नाही. पुरवणीचं काम पुढे सरकवलं. घरात साडीवाले, केटरिंगवाले. हरीओमच्या आईचा फोन — अंगठीचं माप.

संस्कृतीने आज दुसरा श्लोक ठेवला. हा उतरवून घेतो, कारण खरंच सुरेख आहे:

पुस्तकं मिटली सारी, मांडवी बसले मुकी;
विचारले कुणी नाही, होकार लिहिला कुणी?

एकही अक्षर चुकलेलं नाही! आठवडाभर घरात ढावलो वाजतोय त्याचा परिणाम. नवरीच्या भूमिकेत काय शिरली आहे पोरगी! रुपाबाईचं तिसरं कडवं मी तिला सांगितलंही नाही, आणि नेमकं तेच साधलं. लेखात पाचवा अवतार म्हणून घालावा का, अशी थट्टा केली. ती म्हणाली, "घाला." दहापैकी नऊ दिले. दहा देत नाही मी कोणाला. कात्रणांच्या फायलीत लावला.

ज्योत्स्ना म्हणाली, "तिचं जेवन कमी झालं."

म्हटलं, लग्नाच्या मुलींचं होतं तसं.

२ फेब्रुवारी, रविवार

काही नाही. दिवसभर लेख. आठशे शब्द झाले, त्यातले चारशे मला स्वतःलाच खोटे वाटतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रुपाबाई बोलली.

मागे ट्रॅक्टरचा आवाज, कोणीतरी मोळ्या मोजत होतं. नाव सांगितलं, टेपचं सांगितलं. मोठ्याने हसली.

"ते गानं? सर, आमच्या फडावरच्या वरातीत वाजते ना ते! मागच्या साली म्या बी नाचली त्याच्यावर. पोरं म्हने, मावशी, तुमाले काय लागते भारी? म्या म्हनलं, मले नाई लागन त कोनाले लागन!"

मला हसता येईना. विचारलं, सासर वाईट होतं का? माणूस?

"नाई हो. मानूस साधा हाय. हे काय, मोया बांधून राह्यला. मलेच जाचं नोतं, येवढंच. दहावीचा फारम भरला होता म्या. पेपर आठ दिवसावर. आता ढावलोत फारम कुठी बसवू?"

मग ती म्हणाली — जसंच्या तसं लिहितो:

"तुमी मशीन धरलं ना माह्या तोंडासमोर. शर्ट-पॅन्टवाले, पेपरातले. घरचे त आयकत नोते. मले वाटलं, हा मानूस लिवून घेऊन राह्यला, कोनाले तरी सांगन, शाळेतल्या सरले, पोलिसाले, कोनाले तरी. म्हून तेच दोनदा घेतलं. म्हनलं, एकदा नाई त दुसऱ्यांदा तरी आयकू येईन."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक "मला तुमची भाषा येत नव्हती" असं.

"येत नोती त इचाराचं," ती म्हणाली. रागाने नाही. घरातल्या पोराला सांगावं तसं. "लेख काडला होता ना तुमी? कोनी तरी दाखवला होता मले, बाजारात. वाचला म्या. मराठी येते मले. चांगला होता. माहं नाव बी बरोबर होतं."

मुकादमाने हाक मारली. ठेवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लेख फाडून नवा लिहिला. करुण रस नाही, अलंकार नाही. चारही प्रकारांची तुलना ठेवली, आणि शेवटी तिसरं कडवं, त्याचा अर्थ, रुपाबाईचं म्हणणं, आणि माझ्या टेपरेकॉर्डरचं. मोतीबाईचं आणि रुपाबाईचं नाव छापू का, म्हणून पुन्हा फोन केला. रुपाबाई म्हणाली, "छापा. अन् दहावीचं बी लिवा." दुपारी पाठवला.

हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही. अंगणात मंडपाचे खांब आले आहेत. अमरदीपचाच मंडप, मी त्याला सांगितलं नव्हतं, ज्योत्स्नाच्या भावाने ठरवला. आज माणसं घेऊन तो स्वतः आला होता. चहा घेतला, खांबांच्या जागा पाहिल्या, आणि जाताना गच्चीवर बसलेल्या संस्कृतीकडे मान करून हळूच म्हणाला, "ताई लय चूप हाय, सर."

थकली आहे, मी म्हटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डेस्कवरच्या साहेबांचा फोन. "लेख झकास, भाऊ! फक्त शेवटचे अडीचशे शब्द काढले. जयंतीची पुरवणी आहे, लोक सणाच्या मूडमध्ये असतात, जड होत होतं. आणि तसंही, काढल्याने काही बिघडत नाही, लेख आपला पुरा वाटतो."

भांडलो. बराच वेळ. "पुढे कधीतरी स्वतंत्र करू," म्हणाले.

तर माझ्याही लेखाचं तिसरं कडवं गेलं. सनई लावून घेतली की झालं.

संध्याकाळी ज्योत्स्नाला सगळं सांगितलं — रुपाबाई, मशीन, दोनदा म्हणणं. ती पापडाच्या डब्यांना चिठ्ठ्या लावत होती. ऐकून घेतलं. मग इतकंच म्हणाली: "अन् आपलीनं कितीदा म्हनलं?"

मला आधी कळलंच नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

फाइल काढली. रुपाबाईच्या कात्रणाच्या मागेच संस्कृतीचे दोन कागद. सात. नऊ. लाल शाई. तिच्या अक्षरावर माझं अक्षर. संस्कृत, मराठी, दोन्ही मला येतं. मी भाषा येत नव्हती असंही म्हणू शकत नाही.

सकाळपासून टेबलावर पाहतोय. तिसरा श्लोक नाही.

ती पलीकडच्या खोलीत आहे, मेंदी वाळवत बसली आहे. दार उघडं आहे. आत्ता उठतो आणि विचारतो. साठ माणसं, अंगठी, मंडप, रिसोडवाले काय म्हणतील — त्यातल्या कशाचीच भीती नाही. मला भीती आहे ती एवढीच: मी विचारीन, आणि ती म्हणेल, "तुम्ही म्हणाल तसं, बाबा."